तिरका बोका: आर्डुइनो उनोवरून आवाजात चित्र पाठवताना नेमकं काय बिघडलं होतं

भाचा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजात प्रदर्शन होतं आणि सगळे जण तेच ते रेघेवरून चालणारे रोबो (लाईन फॉलोअर) आणि झाडाला पाणी घालणारं यंत्र करणार म्हणून ह्याला काहीतरी वेगळं हवं होतं. मीच तोंड घातलं. म्हटलं, स्पीकरमधून नुसता चिर्रचिर्र आवाज काढायचा आणि समोर ठेवलेल्या फोनवर त्यातून फोटो उमटवायचा, मधे वायर नाही, ब्लूटूथ नाही, वायफाय नाही. पोरगं खूश. मला वाटलं दोन संध्याकाळींचं काम, झाले तीन आठवडे. ते का झाले ते सगळं इथे लिहून ठेवतोय कारण आम्ही पहिले दहा दिवस चुकीच्या चोरामागे धावत होतो.

आधी हा प्रकार काय ते सांगतो. ह्याला स्लो स्कॅन टीव्ही म्हणतात, हॅम रेडिओवाल्यांची, म्हणजे हौस म्हणून रेडिओवरून संपर्क करणाऱ्यांची, जुनी गोष्ट. कॉप्थॉर्न मॅकडॉनल्ड नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९५७-५८ च्या सुमाराला हे सुरू केलं, आणि आजही अंतराळ स्थानकावरून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर अशी चित्रं येतात, ही फ्रिक्वेन्सी ऐकणारा छोटा रेडिओ आणि फोन घेऊन गच्चीवर उभं राहिलं तरी पकडता येतात. कल्पना इतकी सोपी आहे की हसू येतं. चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक सूर. काळा म्हणजे १५०० हर्ट्झ, पांढरा म्हणजे २३०० हर्ट्झ, मधल्या छटा मधे. ओळ सुरू झाली हे सांगायला १२०० हर्ट्झचा एक छोटा ठोका, त्याला सिंक म्हणायचं. बास. ठिपका कुठला, कितवा, असला पत्ता वगैरे काही पाठवत नाहीत. कितव्या क्षणाला आला त्यावरून तो कुठे बसणार ते ठरतं. हे वाक्य मी भाच्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि नंतर मीच विसरलो.

आम्ही मार्टिन एम-वन ही पद्धत घेतली, इंग्लंडच्या मार्टिन एमर्सन यांनी बनवलेली, नाव त्यांच्यावरूनच. ३२० बाय २५६ ठिपके, रंगीत, एक चित्र जायला ११४ सेकंद. प्रत्येक ओळीत आधी ४.८६२ मिलिसेकंदांचा सिंक, मग हिरवा, मग निळा, मग लाल, प्रत्येक रंगाला १४६.४३२ मिलिसेकंद आणि मधे ०.५७२ मिलिसेकंदाच्या फटी. पूर्ण ओळ ४४६.४४६ मिलिसेकंदांची. एका ठिपक्याच्या वाट्याला ४५७.६ मायक्रोसेकंद येतात. ह्या शेवटच्या आकड्यातला तो ०.६ लक्षात ठेवा, पुढे त्याने आमचा घाम काढलाय.

बोर्ड आर्डुइनो उनो, प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड, म्हणजे घरात पडलेली त्याची नक्कल (क्लोन), त्यावर एटीमेगा ३२८पी ही चिप, १६ मेगाहर्ट्झ, दोन केबी रॅम. बुधवार पेठेतून एसडी कार्डचं मोड्यूल आणि एक पिझो बझर आणला. चित्र कुठलं तर ताईच्या घरचा बोका, निळ्या दाराच्या चौकटीत बसलेला. ही निवड भाच्याची आणि ती नकळत फार शहाणपणाची निघाली, कारण दाराची उभी चौकट म्हणजे आयता ओळंबा, चित्र किती कललंय ते फूटपट्टी लावून मोजता येतं.

पहिला प्रयत्न भाच्याने एकट्याने केला. जसा कोणीही करेल तसाच. आर्डुइनोच्या तयार टोन फंक्शनला फ्रिक्वेन्सी द्यायची, मग ४५७ मायक्रोसेकंद थांबायचं, मग पुढचा ठिपका. सुरुवातीला जो कोड पाठवायचा असतो, हे चित्र मार्टिन एम-वन आहे असं सांगणारा, त्याचा नंबर ४४, तो याने उलट्या बाजूने पाठवला. बिट धाकट्याकडून थोरल्याकडे जायला हवेत, याने थोरल्याकडून धाकट्याकडे पाठवले, समोर ४४ चे २६ झाले आणि फोनवरचं आवाजातून चित्र काढणारं ॲप गप्प बसलं. ते अर्ध्या तासात सापडलं. मग चित्र आलं. चित्र म्हणजे झेब्रा हो! नुसते आडवे तिरपे पट्टे, बोका नाही, दार नाही, काहीच नाही.

हे सोपं होतं. टोन फंक्शन बझर वाजवायला केलंय, दरवेळी हाक मारली की ते आत बसून भागाकार करतं, आणि ह्या चिपला भागाकार हार्डवेअरमध्ये येतच नाही, सॉफ्टवेअरने कष्ट करून करावा लागतो. मोजलं तर एका हाकेला शंभराच्या वर मायक्रोसेकंद जात होते. ४५७ च्या जागी ५६०-५७०, असे ओळीला ९६० ठिपके (३२० गुणिले तीन रंग). ओळच शंभर मिलिसेकंदांनी लांबली. मग आधीच सगळ्या २५६ छटांचा तक्ता करून ठेवला आणि चिपमधल्या टायमरच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे त्याच्या आकडा ठेवायच्या खणात, सरळ आकडा टाकायला लागलो. बोका दिसला! जल्लोष वगैरे झाला, ताईने चहा केला.

आणि इथून खरी भानगड.

फोनवर बोका बऱ्यापैकी सरळ होता. लॅपटॉपवर तोच आवाज दिला तर बोका असा कललेला की कपाटावरून घसरतोय. आता दोन ठिकाणी एकच आवाज आणि दोन वेगळी चित्रं म्हटल्यावर माणूस काय समजेल? लॅपटॉपचं साऊंडकार्ड खराब. आम्हीही तेच समजलो. दुसरा लॅपटॉप आणला, तिथेही घसरतोय. मग मला वाटलं आवाजच घाण आहे, बझर स्वस्तातला, चौकोनी लाट, त्यात भलतेसलते सूर मिसळलेले, म्हणून डिकोडर, म्हणजे आवाजातून चित्र काढणारा प्रोग्राम, गोंधळतोय. बझर काढून छोटा स्पीकर आणि ॲम्प्लिफायर लावला. खोलीच्या खिडक्या लावल्या. पंखा बंद केला. मे महिन्यात. मामा-भाचे दोघं घामाने निथळतोय आणि बोका तसाच तिरका.

स्पीकर बदलल्याने एक गोष्ट मात्र सुधारली, आणि तिच्यामुळेच माझा गैरसमज आणखी पक्का झाला. बझरवर असताना फोनवरच्या चित्रात दाराची कड करवतीसारखी यायची, मधेच एखादी ओळ बोटभर सरकलेली. स्पीकर लावल्यावर ती कड गुळगुळीत झाली. कारण साधं आहे, पिझो बझरला स्वतःची एक आवडती फ्रिक्वेन्सी असते, तिच्या जवळ तो कोकलतो आणि लांब गेलं की पुटपुटतो. आमचा २३०० ला चांगला ओरडायचा आणि १२०० चा सिंक जेमतेम ऐकू यायचा. फोनचं ॲप प्रत्येक ओळीचा सिंक शोधून तिथून ओळ मांडतं, सिंक हुकला की ओळ सरकते. म्हणजे करवत हा आवाजाचा आजार आणि कलणं हा वेगळाच आजार. एकाचं औषध दुसऱ्याला लागलं असं आम्ही धरून चाललो होतो, लागलं नव्हतं.

ट्यूब पेटली ती भाच्याची. तो म्हणाला, "मामा, फोन प्रत्येक ओळीला सिंक बघून परत सुरू करतो ना, मग तो आपली चूक झाकतोय. लॅपटॉप झाकत नाहीये."

आणि खरंच. लॅपटॉपवरच्या डिकोडरमध्ये आपोआप सरळ करायचा पर्याय बंद होता, त्यामुळे तो पहिला सिंक ऐकून पुढे स्वतःच्या घड्याळाने ओळी मांडत होता. खरं बोलणारा लॅपटॉप होता आणि गोड बोलणारा फोन. आणि आम्ही खरं बोलणाऱ्यालाच दुरुस्त करत बसलो होतो.

मग बसलो कागद घेऊन. ४५७.६ ऐवजी ४५७ थांबलो तर काय होतं? अर्धा-पाऊण मायक्रोसेकंद, कोणाला कळणार असं वाटतं ना? ०.६ गुणिले ओळीतले ९६० ठिपके म्हणजे ५७६ मायक्रोसेकंद, सव्वा ठिपका, दर ओळीला. गुणिले २५६ ओळी, झाले १४७ मिलिसेकंद. म्हणजे एका रंगाची आख्खी पट्टी! खाली पोचेपर्यंत चित्र एक तृतीयांश ओळ सरकतं, हिरव्याच्या जागी निळा येऊन बसतो. त्यात भर म्हणजे लूप फिरायला दर ठिपक्याला थोडा वेळ जातो, आणि मिलिसेकंद मोजणारा टायमर दर १.०२४ मिलिसेकंदांनी मधे घुसून पाच-सहा मायक्रोसेकंद खातो, तेवढा वेळ आपलं थांबणं आणखी लांबतं.

भाचा ४५५ करून बघ, ४५६ करून बघ असं करत होता. ४५५ ला बोका डावीकडे, ४५६ ला उजवीकडे. होणारच, हे बटणच एवढं जाड आहे की एक मायक्रोसेकंद फिरवला की शेवटची ओळ पाव सेकंद इकडची तिकडे होते, म्हणजे अर्ध्या ओळीपेक्षा जास्त. ह्या बटणाने बारीक ट्यूनिंग म्हणजे हातोड्याने घड्याळ लावणं. थांबून थांबून वेळ मोजायची ही पद्धतच टाकायला हवी होती.

टाकायला आणखी एक कारण मिळालं, ते चित्रात आधीपासून दिसत होतं पण आम्ही जेपीईजीच्या माथी मारलं होतं. दारामागची भिंत, जिथे उजेड हळूहळू कमी होत जातो, तिथे पायऱ्या पडल्या होत्या, घाटातल्या शेतांसारख्या. सूर काढणारा चिपमधला टायमर-२ आठ बिटांचा, म्हणजे २५५ पर्यंतच मोजणारा, ह्या सुरांसाठी त्याला ३२ ने भागलेलं घड्याळ लागतं, मग जे सूर निघतात ते २,५०,००० भागिले एखादा पूर्णांक एवढेच. १६६ ने भागलं की १५०६, १०८ ने भागलं की २३१५. मधे मोजा, एकूण ५९ सूर. २५६ छटा हव्यात आणि हातात ५९. तेही सारखे विभागलेले नाहीत, अंधाऱ्या बाजूला एक पायरी ९ हर्ट्झची आणि उजेडाच्या बाजूला २१ हर्ट्झची. पांढरी भिंत म्हणून तर जास्त भोगत होती.

आणि बोक्याच्या मिशांजवळ काळे ठिपके पडायचे. कुठेही नाही, फक्त जिथे डावीकडून उजवीकडे जाताना काळ्यातून एकदम पांढरं येतं तिथेच. हे मला फार आवडलं म्हणून सांगतो. आम्ही लावलेल्या मोडमध्ये टायमर शून्यापासून मोजत जातो, ठरलेल्या आकड्याला पोचला की पिन उलटी करून परत शून्यावर येतो. काळ्यासाठी आकडा १६५. समजा मोजत मोजत १४० ला आलाय आणि नेमकं तेव्हा आपण सांगितलं की आता पांढरं, आकडा १०७. अरे पण १०७ तर मागे पडला! तो बिचारा १०७ शोधत पार २५५ पर्यंत जातो, मग शून्य, मग १०७. अर्ध्या मिलिसेकंदाचा उशीर, ठिपक्यापेक्षा मोठा, आणि तेवढ्या वेळात निघालेला सूर ७०० हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे काळ्याहून काळा. पांढऱ्यातून काळ्यात जाताना हे होत नाही कारण तेव्हा आकडा पुढे सरकतो. म्हणून मिशीच्या एकाच बाजूला घाण.

तर मग सगळं नव्याने. डीडीएस पद्धत, म्हणजे तक्त्यातले आकडे ओळीने काढून लाट घडवायची. टायमर-२ पीडब्ल्यूएमवर लावला, म्हणजे पिन भराभर चालू-बंद करून मधला व्होल्टेज काढायचा, फेज करेक्ट मोड, एक फेरी ५१० घड्याळ-ठोक्यांची, म्हणजे सेकंदाला ३१,३७२.५ फेऱ्या. प्रत्येक फेरीला इंटरप्ट येतो, म्हणजे चिप हातचं काम सोडून एक छोटं काम उरकते, आत एक सोळा बिटांचा आकडा असतो, त्यात सुराच्या प्रमाणात भर घालायची, वरचे आठ बिट घेऊन साईन तक्त्यातून किंमत उचलायची आणि पीडब्ल्यूएमला द्यायची. सूर बदलला की फक्त भर बदलते, लाट तुटत नाही. सुरांमधली पायरी अर्ध्या हर्ट्झहून बारीक, २५६ छटांना भरपूर. नवी किंमत हार्डवेअर स्वतःच फेरीच्या टोकाला उचलतं त्यामुळे १०७ मागे पडायची भानगडच नाही. बाहेर एक किलोओहम आणि २२ नॅनोफॅरडचे दोन टप्पे लावले, वरची शिट्टी गेली.

ह्यात एक गंमत सापडली. दोन छटांमधलं अंतर ८०० भागिले २५५, म्हणजे ३.१३७२५ हर्ट्झ. आणि फेऱ्यांचा वेग ३१,३७२.५. बरोबर दहा हजार पट! योगायोग असा की ५१० म्हणजे २५५ ची दुप्पट, आणि १६ मेगाहर्ट्झ गोल आकडा. उपयोग फार नाही, पण रात्री साडेअकराला दोघं जण कॅल्क्युलेटरकडे बघून हसत होतो.

आणि वेळ? वेळ आता थांबून नाही, मोजून. एका ठिपक्याचे ७३२१.६ घड्याळ-ठोके, दहाने गुणून ७३,२१६ धरले. दर इंटरप्टला त्यातून ५,१०० वजा करायचे, शून्याखाली गेलं की पुढचा ठिपका, आणि उरलेली बाकी टाकून द्यायची नाही, पुढच्यात मिळवायची. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं. कधी ठिपका १४ फेऱ्यांचा होतो, कधी १५ चा, पण ओळीच्या शेवटी हिशोब चुकत नाही. तो ०.६ अखेर वहीत बसला.

मधे एक दिवस एसडी कार्ड मेलं म्हणून वाया गेला. कार्ड ठणठणीत होतं, आवाज ११ नंबरच्या पिनवर काढला होता आणि तीच पिन एसडीला लागते. टायमर-२ चा दुसरा दरवाजा ३ नंबरवर आहे, तिकडे हलवलं, झालं. चित्र एसडीवर का, तर आख्खं चित्र २,४५,७६० बाइट्स, आणि रॅम २,०४८. बीएमपी फाईल थेट वाचायचा हट्ट भाच्याने सोडला, ती खालून वर असते आणि रंग एकात एक मिसळलेले. लॅपटॉपवरच ओळीओळीने हिरवा, निळा, लाल अशी साधी फाईल करून टाकली. मग ३२० बाइट्सचे दोन डबे पुरतात, एक वाजतोय तोवर दुसरा भरायचा, एका रंगाला १४६ मिलिसेकंद म्हणजे कार्डाला निवांत वेळ.

लावलं, चालवलं. छटा मऊ, मिशा स्वच्छ. बोका अजूनही तिरका.

कमी तिरका, पण तिरका. खरं सांगतो, तेव्हा मी बोर्ड खिडकीतून फेकणार होतो. कोडमध्ये आता चूक शक्यच नव्हती. मग राहिलं काय, तर ज्या घड्याळावर हा सगळा हिशोब बसलाय ते घड्याळ. बोर्ड उलटासुलटा करून बघितला तर मुख्य चिपला ठोके देणारा अचूक क्रिस्टल नाही, त्याच कामाचा पण कमी अचूक सिरॅमिक रेझोनेटर आहे. ह्यात फसवणूक काही नाही, मूळ उनो आर-थ्रीच्या डिझाईनमध्येही मुख्य चिपला रेझोनेटरच आहे, क्रिस्टल आहे तो यूएसबीच्या चिपला. असला रेझोनेटर अर्धा टक्का इकडेतिकडे असला तरी चालतो असंच धरलेलं असतं, एलईडी लुकलुकवायला काय फरक पडतो. पण ११४ सेकंदांचा अर्धा टक्का म्हणजे ०.५७ सेकंद, एका ओळीहून जास्त!

मोजायचं कसं, ऑसिलोस्कोप तर नाही. आवाज रेकॉर्ड केला, ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडला, पहिल्या सिंकची सुरुवात आणि २५६ व्या सिंकची सुरुवात शोधली. मधे २५५ ओळी, म्हणजे ११३.८४ सेकंद यायला हवेत. आले ११३.९८. म्हणजे बोर्ड ०.१२ टक्क्याने मंद. लॅपटॉपवर आता कोणी शंका घेणार नव्हतं पण तरी फोनवर वेगळं रेकॉर्ड केलं, तेच उत्तर. मग ७३,२१६ ला १.००१२ ने भागून ७३,१२८ केले, सिंक आणि फटींनाही तोच हिशोब. सुरांना हात लावला नाही, १५०० चा १४९८ झाला तर एका छटेचाही फरक पडत नाही.

बोका सरळ. चौकटीला फूटपट्टी लावली, वरपासून खालपर्यंत.

एकाने विचारलं की पिको किंवा ईएसपी३२ असला नवा, ताकदवान बोर्ड का नाही घेतला. घ्यावा की, पिकोत २६४ केबी रॅम आहे, आख्खं चित्र आत मावतं, वर क्रिस्टल असतो. नवीन करणाऱ्याने तोच घ्यावा. आमच्याकडे उनो पडलेला होता, एवढंच कारण. आणि हो, हे स्पीकरमधून खोलीत वाजवायला कोणाची परवानगी लागत नाही, पण हाच आवाज हॅम बँडवर सोडायचा तर लायसन्स लागतं, परीक्षा देऊन मिळतं, पोरांनी वॉकीटॉकीला जोडून उद्योग करू नयेत.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी ताईच्या घरी शेवटची चाचणी घेतली, दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही अशी ताकीद देऊन. अर्धं चित्र खाली उतरलं आणि स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी. चांगली चार सेकंद. फोनवर बोक्याच्या बरोबर पोटावरून नऊ ओळींचा रंगीबेरंगी पट्टा उमटला, आणि त्याखाली बोका परत जसाच्या तसा, सरळ. भाचा म्हणाला परत घेऊया. ताई आतून म्हणाली, "अजून दोन शिट्ट्या व्हायच्यात, घ्यायचं तर मग घ्या."

परत घेतलं नाही. तोच फोटो प्रिंट करून पोरगं प्रदर्शनाला घेऊन गेलं, खाली लिहिलं, वरण-भात, चार सेकंद.